प्रवाळाला काय कमी पडतं

न्यू जर्सीत सागरी मासे आणि प्रवाळं विकणाऱ्या मोठ्या दुकानात एक अख्खी भिंत बाटल्यांची असते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन, पोटॅशियम, लोह, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, रंग खुलवणारी द्रव्यं, जिवाणूंची मिश्रणं. प्रत्येक बाटलीवर जांभळ्या-हिरव्या प्रवाळाचा झळझळीत फोटो. नव्याने रीफ टँक लावणारा माणूस त्या भिंतीपुढे उभा राहिला की त्याला वाटायला लागतं, यातलं काही घ्यायचं राहिलं तर आपली प्रवाळं जगणार नाहीत. माझी नोकरी औषधांच्या कारखान्यातल्या गुणवत्ता तपासणीची, आधी ठाण्यात आणि मग इथे. कच्च्या मालाच्या पिंपाबरोबर विश्लेषणाचा दाखला नसेल तर ते पिंप आमच्याकडे दारातून आत येत नाही. त्यामुळे त्या भिंतीपुढे मला दोन प्रश्न पडले. बाटलीत नेमकं काय आणि किती आहे? आणि माझ्या पाण्यात त्याची कमतरता आहे, हे मोजलंय कुणी?

दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा करतानाच मला प्रवाळ कळत गेलं, म्हणून आधी तेच सांगते.

कठीण प्रवाळ म्हणजे असंख्य छोट्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या पेशींत एकपेशीय शैवालं राहतात, ती उजेडावर साखर तयार करतात आणि प्रवाळाची भूक बरीचशी त्यावरच भागते. बाकीचं ते पाण्यातले बारीक जीव पकडून मिळवतं. हे चालू असताना ते स्वतःच्या खाली चुनखडीचा सांगाडा रचत असतं. त्या चुनखडीसाठी पाण्यातून दोनच गोष्टी मुख्यतः उचलल्या जातात, कॅल्शियम आणि कार्बोनेट. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, आणि अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, जिला इथे सगळे नुसतं ‘अल्क’ म्हणतात, ती ७ डीकेएच (हे तिचं एकक). समुद्र एवढा अफाट की प्रवाळांनी कितीही चुना उचलला तरी हे आकडे जागचे हलत नाहीत. माझ्या टँकमध्ये पाणी २८० लिटर. तिथे ते रोज हलतात.

आता यातली गंमत अशी की दोन्ही गोष्टी ठरावीक प्रमाणातच खर्च होतात. अल्क २.८ डीकेएचने खाली आली तर कॅल्शियम लिटरमागे फक्त २० मिलिग्रॅमने उतरतं. ४२० मधले २० गेले तर घरगुती टेस्ट किटला ते धड कळतही नाही. ७ मधले २.८ गेले तर प्रवाळं आजारी पडतात. म्हणून रोज मोजायची ती अल्क. कॅल्शियम आठवड्याने पाहिलं तरी चालतं, मॅग्नेशियम महिन्याने. मॅग्नेशियम प्रवाळाच्या सांगाड्यात थोडंसंच जातं; त्याचं खरं काम पाण्यातला चुना आपोआप साचू न देण्याचं. ते फार उतरलं तर कॅल्शियम आणि अल्क कितीही घाला, दोन्ही हीटरवर आणि पंपांवर पांढरी पुटं धरून बसतात.

मी पहिल्यांदा काहीच घातलं नाही. प्रवाळं थोडी होती, ती इथल्याच दुसऱ्या हौशी लोकांच्या टँकमध्ये वाढलेल्या वसाहतींचे तुकडे होते, समुद्रातून काढलेली नव्हेत. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे आणि रोज रात्री ठरल्या वेळी अल्क मोजून वहीत लिहायचे. ठरली वेळ महत्त्वाची, कारण दिवे चालू असताना प्रवाळ जोरात सांगाडा बांधतं, अंधारात मंदावतं. नळीत टँकचं पाणी घ्यायचं, सूचकाचे थेंब टाकायचे आणि सिरिंजमधून आम्ल एकेक थेंब सोडत निळसर-हिरवा रंग गुलाबी होण्याची वाट पाहायची. हे टायट्रेशन मी तरुणपणापासून हजारो वेळा केलंय आणि अजूनही रंग पालटण्याचा तो क्षण मला मनापासून आवडतो. सुरुवातीला आकडा जवळजवळ हलायचाच नाही. पाणी बदलण्याचं नवं मीठच सगळी तूट भरून काढत होतं. छोट्या टँकमध्ये, मऊ आणि मोजकी प्रवाळं असतील तर बहुतेकांना त्या भिंतीवरची एकही बाटली लागत नाही, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलेय. फक्त मिठाचं पाकीट नीट वाचून घ्यावं. काही मिठांची अल्क ७-८ असते, काहींची १२ च्या आसपास. एकदा निवडलेलं मीठ उगाच बदलू नये.

पुढे अ‍ॅक्रोपोरा या कठीण प्रवाळाच्या फांद्या वाढायला लागल्या, माँटिपोरा या दुसऱ्याची तबकं पसरली, तशी अल्क रोज एक डीकेएचने उतरू लागली. तेव्हा मी कागदावर हिशेब मांडला. २८० लिटर पाण्याची अल्क एक डीकेएचने वाढवायला साधारण साडेआठ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तेवढ्याच प्रमाणात कॅल्शियम परत द्यायला सव्वासात ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम क्लोराइड. आणि हे दोन्ही खर्च झालं म्हणजे टँकमध्ये दिवसाला पाच ग्रॅम नवी चुनखडी तयार झाली, वर्षाला पावणेदोन किलोच्या वर. काचेमागे शांत दिसणारे ते जीव रोज पाच ग्रॅम दगड घडवतात, हे कागदावर दिसलं तेव्हा मी नवऱ्याला उठवून दाखवलं होतं.

मग प्रश्न उरला तो कुठल्या रूपात द्यायचं याचा. दुकानात दोन बाटल्यांचे जोड मिळतात, एक कॅल्शियमची, एक अल्कची. चांगल्या कंपन्यांचे जोड उत्तम असतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण त्यातलं मुख्य द्रव्य काय, हे कळल्यावर मला ते घरी करावंसं वाटलं. याची पाककृती रँडी होम्स-फार्ली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने फार पूर्वीच सगळ्यांसाठी खुली केली आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तातलं फॉस्फेट कमी करायला सेव्हेलामर नावाचं औषध देतात, त्याच्या पेटंटांवर याच माणसाचं नाव आहे. औषधाच्या धंद्यातली मी, मला त्याचं लिखाण वाचताना घरच्या माणसाचं वाचतेय असं वाटायचं. प्रत्येक दावा आकड्यानिशी, आणि जिथे पुरावा नाही तिथे तसं सरळ लिहिलेलं.

त्याची कृती अशी. एका गॅलन पाण्याला साधारण अर्धा किलो कॅल्शियम क्लोराइड. दुसऱ्या गॅलनला ५९४ ग्रॅम खाण्याचा सोडा, पण तो आधी ओव्हनमध्ये ३०० अंश फॅरनहाइटला तासभर भाजायचा. भाजताना त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं, वजन एक तृतीयांशाहून जास्त घटतं आणि सोड्याचं सोडियम कार्बोनेट होतं. असं द्रावण टँकचा पीएच थोडा वर नेतं. सोडा न भाजता वापरला तर पीएच किंचित खाली येतो. दोन्ही द्रावणं एकमेकांना जुळती आहेत: जेवढे मिलिलिटर एकाचे तेवढेच दुसऱ्याचे. मॅग्नेशियमसाठी तिसरं द्रावण, त्यात मॅग्नेशियम क्लोराइड आणि एप्सम सॉल्ट.

कॅल्शियम क्लोराइड इथे हिवाळ्यात हार्डवेअरच्या दुकानात पोत्यांनी मिळतं, रस्त्यावरचा बर्फ वितळवायला. पुष्कळ लोक तेच वापरत आले आहेत. मी मात्र खाद्य दर्जाचं, विश्लेषणाच्या दाखल्यासह मागवते. बर्फाच्या पोत्यात जड धातू किती आहेत, हे पोत्यावर लिहिलेलं नसतं, आणि त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून दुसरं काही मिसळलंय का, तेही कळत नाही. किमतीत फरक पडतो, पण वर्षाला लागणारा माल तो किती. एक सूचना आवर्जून: कॅल्शियम क्लोराइड पाण्यात टाकलं की पाणी चांगलंच गरम होतं. पातळ प्लास्टिकच्या डब्यात एकदम ओतू नये, थोडंथोडं टाकावं, डोळ्यांना गॉगल आणि हातात मोजे असावेत. आणि दोन्ही द्रावणं टँकमध्ये एकाच जागी, एकाच वेळी कधीही सोडू नयेत. ती पाण्यात मिसळायच्या आधी एकमेकांना भेटली तर प्रवाळाऐवजी पाण्यातच चुना होतो. माझे डोसिंग पंप दोन्ही द्रावणं दिवसभरात थोडीथोडी सोडतात, मध्ये अंतर ठेवून, अल्कचा मोठा भाग रात्री.

या पद्धतीला एक शेपूट आहे. कॅल्शियम आणि कार्बोनेट प्रवाळ घेऊन जातं, मागे उरतं सोडियम क्लोराइड, साधं मीठ. महिनोन्‌महिने ते साठत गेलं की खारटपणा वाढतो आणि बाकीच्या क्षारांचं प्रमाण बिघडत जातं. जर्मनीतल्या हान्स-वेर्नर बालिंग यांनी यावर जी तोड काढली ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते: तिसरी बाटली, जिच्यात समुद्राचे सगळे क्षार असतात पण सोडियम क्लोराइड नसतं. मागे उरलेलं साधं मीठ आणि ही तिसरी बाटली मिळून पुन्हा समुद्राचं मीठ तयार होतं. विचार फार सुंदर आहे. मी नियमित पाणी बदलते म्हणून मला ती लागत नाही. जो पाणी बदलायला कंटाळतो त्याने ती घ्यावी.

तिसरा मार्ग चुन्याच्या निवळीचा. शाळेत नळीतून फुंकर मारून आपण जी दुधाळ करायचो तीच ही निवळी. इथे लोणच्यासाठी मिळणारा चुना आरओ पाण्यात ढवळायचा, साका खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. लिटरमध्ये जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो. टँकमधून बाष्पीभवनाने जेवढं पाणी उडून जातं, तेवढी निवळी थेंबाथेंबाने सोडायची. कॅल्शियम आणि अल्क दोन्ही नेमक्या प्रमाणात जातात, मागे मीठ उरत नाही, खर्च नगण्य. माझ्या टँकमधून दिवसाला चार लिटर पाणी उडालं तर निवळीने दीड डीकेएचहून थोडी जास्त अल्क भरून निघते. मर्यादा हीच की यापुढे वाढवता येत नाही, आणि निवळीचा पीएच १२ च्या वर असल्यामुळे एकदम गेली तर सगळं संपतं. हिवाळ्यात मी निम्मी गरज निवळीने भागवते. का, ते आता सांगते.

एडिसनला आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब आहे. त्यांचा टँक माझ्याहून मोठा आणि प्रवाळं माझ्याहून महागाची. एका जानेवारीत त्यांचा फोन आला.

“ताई, पीएच ७.८ च्या वर जातच नाही. रोज बफर घालतोय.”

“अल्क किती आहे?”

“अल्क नाही मोजली. पीएचचाच प्रॉब्लेम आहे ना?”

संध्याकाळी किट घेऊन गेले. अल्क १४ निघाली. हीटरवर पांढरा थर, अ‍ॅक्रोपोराच्या टोकांची कातडी जळाल्यासारखी उतरलेली. पीएच वाढवणारे म्हणून विकले जाणारे बहुतेक बफर म्हणजे सोडा आणि कार्बोनेटच, क्वचित सोबत बोरेट. ते पीएच थोडा वेळ वर नेतात, पण अल्क कायमची वर चढवतात. पुढच्या दिवशी पीएच पुन्हा खाली, पुन्हा बफर. आणि पीएच खाली येत होता त्याचं कारण पाण्यात नव्हतंच, ते घरातल्या हवेत होतं. जानेवारीतलं न्यू जर्सी, खिडक्या गच्च बंद, घरात आईवडील भारतातून आलेले, सगळे दिवसभर आत, गॅसवर तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात विरघळतो आणि पीएच उतरतो. त्यांना खरं वाटेना, म्हणून बादलीभर टँकचं पाणी मागच्या अंगणात नेलं आणि त्यात हवेचा दगड सोडून बाहेरच्या हवेने बुडबुडे काढले. तासाभरात तेच पाणी ८.४ च्या वर गेलं, काहीही न घालता. ते बराच वेळ मीटरकडे बघत उभे होते.

उपाय म्हणून स्किमर, म्हणजे फेसासोबत पाण्यातली घाण काढणारं यंत्र, जी हवा ओढतो तिची नळी खिडकीतून बाहेर काढली. बफर थांबवला. अल्क उतरायला काही आठवडे गेले. ती घाईने उतरवणं तितकंच घातक असतं. काही वसाहती वाचल्या, काही नाही. चुन्याची निवळी हिवाळ्यात उपयोगी पडते ती याचसाठी: ती पाण्यातला जादा कार्बन डायऑक्साइड स्वतःच खाऊन टाकते आणि त्याचं कार्बोनेट करते.

एवढं झाल्यावर भिंतीवरच्या उरलेल्या बाटल्यांचं काय? स्ट्रॉन्शियम समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅम असतं आणि प्रवाळाच्या सांगाड्यात ते कॅल्शियमच्या जागी थोडंथोडं शिरतं, हे खरं. पण प्रवाळाला ते मुद्दाम द्यावं लागतं, असं माझ्या वाचनात ठामपणे कुठे आलं नाही आणि माझ्या टँकमध्ये ते नुसतं पाणी बदलण्यानेच पुरेसं राहतं. आयोडीन तर समुद्रात लिटरमागे ०.०६ मिलिग्रॅम. एवढ्याशा प्रमाणात चार थेंब जास्त म्हणजे कितीतरी पट जास्त. ते न मोजता घालणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. लोह, जस्त, मँगनीज हे सजीवाला लागतात, पण माशांच्या रोजच्या खाण्यातून ते टँकमध्ये येतच असतात. अमिनो आम्लं आणि ‘रंग’ देणाऱ्या बाटल्यांबद्दल मी एवढंच म्हणेन की लेबलवर घटक आणि प्रमाण लिहिलेलं नसेल तर ती बाटली मी हातात घेत नाही. जिथे लिहिलेलं असतं तिथे विचार करते.

सूक्ष्म घटक मोजायचे तर आयसीपी चाचणी करावी लागते. टँकचं पाणी छोट्या कुप्यांत भरून प्रयोगशाळेला टपालाने पाठवायचं, ते प्लाझ्मात जाळून तीसहून अधिक मूलद्रव्यांचा तक्ता येतो. आमच्या कारखान्यात हेच यंत्र आहे, त्यामुळे त्याची ताकद आणि त्याची नाटकं दोन्ही माझ्या ओळखीची. एकदा मी एकाच भांड्यातलं पाणी दोन वेगळ्या कुप्यांत भरून, वेगळे नमुने असल्यासारखे पाठवले. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम अगदी जुळून आले. पण अब्जांशांत मोजायच्या घटकांत एका अहवालात जस्त ‘कमी’ होतं आणि दुसऱ्यात ‘ठीक’. पहिला अहवाल एकटा आला असता तर त्याखालच्या शिफारशीप्रमाणे कुणीही जस्ताची बाटली घेतली असती. ही चाचणी मी सोडलेली नाही. मी ती उलट्या कामासाठी वापरते: काय जास्त झालंय ते बघायला. तांबं वाढलंय का, एखादा चुंबक किंवा स्क्रू गंजून धातू सोडतोय का, आरओची मेंब्रेन थकली का. प्रवाळाला आणि कोळंबीला तांब्याइतकं घातक दुसरं क्वचित काही असेल.

भिंतीवरच्या बाटल्यांखेरीज, नायट्रेट कमी करायला काहीजण टँकमध्ये व्होडका किंवा व्हिनेगर घालतात, त्यावर जिवाणू वाढतात, ते नायट्रेट आणि फॉस्फेट खातात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. पद्धत खरी आहे. मात्रा जास्त झाली तर पाणी पांढुरकं होतं आणि मासे प्राणवायूसाठी वर येतात. माझं नायट्रेट ५ च्या आसपास असतं, त्याला मी हात लावत नाही. ते शून्यावर नेण्याच्या हट्टापायी टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट्सचा तपकिरी चिकट थर आलेला मी दुसऱ्यांकडे पाहिलाय, आणि मग तेच लोक नायट्रेटची बाटली आणायला दुकानात गेले.

हे सगळं डोंबिवलीच्या माझ्या भाच्याने ऐकलं आणि त्याचा निरोप आला: “मावशी, येताना माझ्यासाठी कॅल्शियम आणि अल्कच्या बाटल्या आण, मी पण रीफ टँक लावतोय.” त्याला मी फोनवर सविस्तर सांगितलं. भारतात सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरची प्रवाळं आड आली, तेव्हा ती रीतसर परवानगी काढून २०२० मध्ये दुसरीकडे हलवावी लागली. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून दूर समुद्रात आंग्रिया बँकेचं प्रवाळ आहे, मालवणच्या पाण्यात आहे. ती तिथेच राहू देत, दुकानदार काहीही म्हणाला तरी घरी आणायची नाहीत.

तो थोडा हिरमुसला. मग आम्ही माशांच्या टँकचा बेत केला. क्लाउनफिश आता पैदास करून मिळतात, ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रातही त्यांची पैदास केली गेली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले मासे घ्यायची गरज नाही. आणि ज्या टँकमध्ये सांगाडा बांधणारं कुणी नाही, तिथे कॅल्शियम-अल्कच्या बाटल्यांची गरजच नाही. चांगलं मीठ, आरओचं पाणी आणि नियमित पाणी बदलणं एवढ्यावर ते मासे वर्षानुवर्षं सुखात राहतात. डोंबिवलीच्या मे महिन्यात पाणी भराभर उडेल आणि खारटपणा चढेल, तेव्हा रोज गोडं आरओ पाणी टाकायचं, खारं नाही, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. बाटल्यांऐवजी त्याच्यासाठी मी रिफ्रॅक्टोमीटर घेतलाय आणि तो जुळवायला ३५ पीपीटीचं द्रावण. साध्या पाण्यावर शून्य जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला चुकीचं दाखवू शकतो, ते कसं, हे तो मी गेल्या गेल्या विचारणार आहे, तेव्हा द्रावणाच्या दोन कुप्या घेतल्यात.